साताऱ्याहून गुलमर्ग : पावडर बर्फातला पहिला दिवस, दोघींनी

मुठीत घेऊन कितीही दाबला तरी ज्याचा लाडू वळत नाही, तो पावडर बर्फ. तूप कमी पडलेल्या बेसनासारखा तो बोटांच्या फटींतून गळून जातो. अशा बर्फात गुडघ्यापर्यंत बुडून स्की करायचा एक अख्खा दिवस मला आणि माझ्या मैत्रिणीला मिळाला, तो दुसऱ्या हिवाळ्यात. पहिल्या हिवाळ्यात आम्ही फक्त शिकलो आणि चुका केल्या. मी साताऱ्याची, ती सांगलीची, कॉलेज दोघींचं कराडला. आमच्या घरांत बर्फ कुणी पाहिलेला नव्हता. जी माहिती हाती लागायची ती एक तर फोटो काढून परतणाऱ्या सहलवाल्यांसाठी, नाहीतर लहानपणापासून स्की करत आलेल्यांसाठी. मधल्या माणसाला विचारायला जागा नव्हती. तुम्ही त्या मधल्यांपैकी असाल, तर हे तुमच्यासाठी लिहितेय.

१. पहिली वारी शिकायची, पावडरची दुसरी

ही पायरी गाळायचा मोह सगळ्यांना होतो. गाळू नका. नवशिक्याला पहिल्या दिवशी स्नोप्लाऊ शिकवतात. स्कीची पुढची टोकं जवळ, मागची लांब, म्हणजे वेग आवरतो. दाबून सपाट केलेल्या उतारावर हे छान चालतं. खोल बर्फात मात्र तसे पाय फाकवले की प्रत्येक स्कीवर वेगळा ढीग साचतो, दोन पाय दोन दिशांना ओढले जातात आणि गुडघा पिळवटतो. म्हणून दोन्ही स्की समांतर ठेवून वळता येणं ही पावडरची पहिली अट आहे.

मी लावलेली परीक्षा सांगते. गोंडोलाच्या, म्हणजे डोंगरावर नेणाऱ्या रोपवेच्या, मधल्या स्टेशनवरून (कोंगडोरीहून) खाली गुलमर्गपर्यंत न पडता उतरता येतंय का? डावीकडचं आणि उजवीकडचं वळण सारखंच जमतंय का? हवं तिथं थांबता येतंय का? तिन्हींना ‘हो’ असेल तरच पुढं चला.

शिकायला गुलमर्गमध्ये केंद्र सरकारची इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ स्कीइंग अँड माउंटेनिअरिंग आहे. पहलगामची जवाहर इन्स्टिट्यूटही हिवाळी खेळ शिकवते. उत्तराखंडात जोशीमठच्या वर औलीलाही शिकता येतं. संस्थांच्या कोर्सच्या जागा लवकर भरतात, त्यामुळं दसरा-दिवाळीच्या आसपासच चौकशी सुरू करा. जागा नाही मिळाली, तर स्थानिक प्रशिक्षक दिवसाच्या बोलीवर घ्या. पण एकच प्रशिक्षक निदान पाच-सहा दिवस ठेवा. रोज नवा माणूस घेतलात तर रोज पहिल्या धड्यापासून सुरुवात होते.

२. जोडीदार आधी, तिकीट नंतर

पावडरमध्ये सोबतचा माणूस गप्पांपुरता नसतो. तुम्ही बर्फाखाली गेलात तर काही मिनिटांत तुमच्यापर्यंत पोहोचू शकेल असा तोच एक असतो. वरून मदत येईल, हेलिकॉप्टर येईल हे डोक्यातून काढून टाका. त्या मिनिटांत कुणी येत नाही.

त्यामुळं जोडीदार निवडताना मैत्री किती जुनी आहे ते नंतर बघा. त्याचा वेग तुमच्याइतका आहे का, आणि ‘नको, परत फिरूया’ हे तो लाज न वाटता म्हणू शकतो का, एवढं आधी बघा. आम्ही साताऱ्याहून निघायच्या आधीच, चहा पिता पिता तीन गोष्टी ठरवल्या होत्या:

- एकमेकींच्या नजरेआड जायचं नाही. पुढं गेलेलीनं थांबायचं आणि मागं वळून बघायचं.
- एकीनं ‘नको’ म्हटलं की नको. कारण विचारायचं नाही, समजूत काढायची नाही.
- गाइडशिवाय गोंडोलाच्या हद्दीबाहेर जायचं नाही.

तिसऱ्या नियमाबद्दल वाद नको. हद्दीबाहेरच्या उतारांवर कुणी स्फोटकं लावून सैल बर्फ पाडत नाही, कुणी गस्त घालत नाही. २०२३ च्या फेब्रुवारीत गुलमर्गच्या वरच्या अफरवट डोंगरावर हिमस्खलनात पोलंडचे दोन स्कीपटू गेले. २०२४ च्या फेब्रुवारीत एक रशियन स्कीपटू गेला.

३. महिना कोणता, दिवस किती

काश्मीरचा हिवाळा तिथली माणसं तीन तुकड्यांत मोजतात. २१ डिसेंबरपासून चाळीस दिवस चिल्लई कलां, मग वीस दिवस चिल्लई खुर्द, मग दहा दिवस चिल्लई बच्चा. आपला पाऊस जसा मृग, आर्द्रा असा नक्षत्रांवर मोजतात, तसंच हे. बर्फ आणतात ते पश्चिमेकडून, भूमध्य समुद्राच्या बाजूनं येणारे वारे. हवामान खात्याच्या अंदाजात ‘पश्चिमी विक्षोभ’ हा शब्द दिसला की कान टवकारा. जानेवारीचा मध्य ते फेब्रुवारीअखेर हा काळ धरा. डिसेंबरात खालचे दगड, झुडपं नीट झाकलेली नसतात आणि मार्चमध्ये ऊन बर्फाला जड करतं.

इथं नवखे हमखास फसतात. चार दिवसांचं तिकीट काढून जाऊ नका. बर्फ पडत असतो तेव्हा गोंडोला बऱ्याचदा बंद असते, बर्फ थांबल्यावर वरचा भाग सुरक्षित करायला वेळ जातो, आणि मग ऊन-वारा लागला की वरची भुसभुशीत साय दोन-तीन दिवसांत बिघडते. खरी पावडर त्या मधल्या फटीत मिळते. गुलमर्गमध्ये निदान सात रात्री ठेवा. आम्ही आठ ठेवल्या. त्यात पाच दिवस साध्या उतारांवर सराव, दोन दिवस गोंडोला बंद म्हणून हॉटेलमागं थोडा सराव आणि बाकी वेळ खोलीत बुखारीशेजारी (खोली गरम करणाऱ्या शेगडीशेजारी) बसून खिडकीबाहेर बघणं आणि एक दिवस पावडर. त्या एका दिवसासाठी मी पुन्हा आठ रात्री काढीन.

४. पायांची तयारी गणपती उठल्यापासून

साताऱ्या-सांगलीच्या माणसाला महागडी जिम लागत नाही. खाशाबा जाधवांच्या जिल्ह्यात बैठका कुणी कुणाला शिकवाव्यात! तालमीतली साधी बैठक हाच पावडरसाठी उत्तम व्यायाम आहे. एवढंच, की खाली सावकाश जा, तीन आकडे मोजत. स्कीमध्ये मांडी वजन उचलण्यापेक्षा वजन झेलण्याचं काम जास्त करते.

म्हणूनच गड चढण्यापेक्षा उतरण्याचा सराव करा. मी आठवड्यातून दोनदा अजिंक्यतारा आणि रविवारी सज्जनगडाच्या पायऱ्या करायचे. चढताना निवांत, उतरताना गुडघे मऊ ठेवून, धक्का न देता. मैत्रिणीच्या सांगलीत सगळं सपाट, म्हणून ती भिंतीला पाठ टेकून खुर्चीसारखी बसायची. दीड मिनिटापासून सुरुवात केली, डिसेंबरात चार मिनिटांवर गेली. पहिल्या दिवशी तिचे पाय माझ्यापेक्षा उशिरा थकले, हे मान्य करायला हवं.

५. प्रवास आणि कागदपत्रं

पुण्याहून श्रीनगरला विमानानं जाणं सोपं. थेट मिळालं नाही तर दिल्लीत बदलून. रेल्वेनं जायचं तर पुण्याहून झेलम एक्स्प्रेस जम्मू तवीला जाते, आणि जून २०२५ पासून कटऱ्याहून श्रीनगरपर्यंत वंदे भारत धावते. श्रीनगर ते गुलमर्ग सुमारे ५० किलोमीटर. त्यातला टंगमर्गच्या वरचा १३ किलोमीटरचा घाट बर्फ पडल्यावर साध्या गाडीला चढू देत नाहीत, चाकांना साखळ्या लागतात. गाडी ठरवताना एकच प्रश्न विचारा : ‘गुलमर्गला हॉटेलच्या दारापर्यंत सोडणार, की टंगमर्गपर्यंतच?’ आम्ही पहिल्या वर्षी हे विचारलं नाही. संध्याकाळी पाच वाजता टंगमर्गच्या रस्त्यावर सामान घेऊन उभ्या राहिलो आणि दुसरी गाडी करावी लागली.

सोबत ठेवायचं ते असं:

- आधार कार्ड मूळ, आणि दोन झेरॉक्स.
- पोस्टपेड सिम. बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही. पोस्टपेड करून घ्यायला दिवस लागतात, म्हणून महिनाभर आधी करा. दोघांपैकी निदान एकाचं तरी चालू हवंच.
- विम्याची पॉलिसी. नेहमीच्या प्रवास विम्यात साहसी खेळ बहुधा वगळलेले असतात. स्कीइंग आणि दाबलेल्या उताराबाहेरचं स्कीइंग हे दोन्ही शब्द पॉलिसीत दिसल्याशिवाय पैसे भरू नका.
- रक्तगट, ॲलर्जी आणि घरचा फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी, प्लास्टिकमध्ये, जॅकेटच्या आतल्या खिशात.
- गोंडोलाच्या बुकिंगची छापील प्रत. अधिकृत संकेतस्थळ सोडून दुसरीकडून तिकीट घेऊ नका. दारात ‘मी काढून देतो’ म्हणणारे भेटतात.
- रोख रक्कम. बर्फात नेटवर्क गेलं की सगळंच अडतं.

६. कपडे : सुती काही नको

आपल्याकडची सवय म्हणजे आत सुती बनियन, वर शर्ट, वर आईनं विणलेला स्वेटर. पावडरमध्ये घाम भरपूर येतो, सुती कापड तो धरून ठेवतं आणि थांबलं की अंग गार पडतं. सगळ्यात आत मेरिनो लोकर किंवा सिंथेटिक थर्मल, मध्ये फ्लीस, वर पाणी आणि वारा अडवणारं जॅकेट. पावसाळ्यात वासोट्याला वापरतो ती विंडचीटर चालत नाही, शिवणींतून पाणी मुरतं. जॅकेटला आतून कमरेभोवती आवळायचा घेर हवा. नाहीतर पहिल्या आपटीला पाठीत बर्फ भरतो.

गॉगल काळाभोर एकच नेऊ नका. ढगाळ हवेत बर्फ आणि आकाश एकजीव होतात, खड्डा की उंचवटा ते कळत नाही. अशा वेळी पिवळसर किंवा गुलाबी काच लागते. ताजा बर्फ अतिनील किरणांचा ऐंशी टक्क्यांपर्यंत भाग परत फेकतो. म्हणून सनस्क्रीन हनुवटीच्या खाली आणि नाकपुड्यांच्या कडेलाही लावा. माझ्या नाकाखालची कातडी चार दिवस सोलत होती.

हातमोज्यांच्या दोन जोड्या न्या. खाण्याचं म्हणाल तर चिक्की आणि चॉकलेट थंडीत दगड होतात. मैत्रिणीनं सांगलीहून भडंग आणलं होतं, ते जसंच्या तसं राहिलं. लिफ्टमध्ये बसल्या बसल्या मूठमूठ खाता येतं. पाण्यासाठी नळीची पिशवी नको, नळी गोठते. छोटा थर्मास घ्या. मोबाइल अंगालगतच्या खिशात ठेवा, बाहेर बॅटरी बघता बघता उतरते. मात्र बीकनपासून (बर्फाखालचा माणूस शोधायच्या यंत्रापासून) तो लांब राहील असं बघा. त्याचं कारण आठव्या पायरीत.

७. भाड्याचं सामान : बुटांना अर्धा दिवस द्या

स्की विकत घेऊन साताऱ्याहून नेण्यात अर्थ नाही. गुलमर्गमध्ये सगळं भाड्यानं मिळतं. दुकानात घाई करू नका, मागं रांग असली तरी.

बुटात एकच पायमोजा. थर्मलची मोहरी बुटात कोंबायची नाही, सुरकुती नडगीवर रुतते. सरळ उभं राहिल्यावर अंगठा पुढं हलका टेकायला हवा आणि गुडघे वाकवले की सुटायला हवा. टाच उचलली गेली तर बूट मोठा. पहिल्या वर्षी एका दुकानदारानं मला ‘आरामशीर बरा’ म्हणत एक माप मोठा बूट दिला होता. आरामशीर बूट म्हणजे पाय आत फिरतो आणि स्कीला तुमचं म्हणणं पोहोचत नाही. बूट घालून दुकानात वीस मिनिटं उभ्या राहा, चाला, वाका.

पावडरसाठी स्की रुंद मागा. बुटाखाली १०० मिलिमीटर किंवा त्याहून जास्त, आणि पुढचं टोक वर वळलेलं. अरुंद स्की सुरीसारखी आत जाते, रुंद स्की होडीसारखी वर तरते. काठ्यांच्या तळाच्या चकत्याही मोठ्या हव्यात, नाहीतर काठी मुठीपर्यंत आत जाते.

बाइंडिंग म्हणजे बूट स्कीला धरणारी पकड. पडल्यावर ती सुटली पाहिजे, म्हणजे पाय वाचतो. तिचा आकडा वजन, उंची, वय, बुटाच्या तळाची लांबी आणि तुमचं कौशल्य यांवरून लावतात. दुकानदारानं हे न विचारता स्की हातात दिली, तर दुसरं दुकान बघा. आणि कौशल्य विचारल्यावर खरं सांगा. ‘चांगलं येतं’ म्हटलं की पकड घट्ट करतात. मग स्की सुटत नाही आणि सगळा पीळ गुडघ्यावर येतो.

सामानाचे आधीचे ओरखडे दुकानातच फोटो काढून ठेवा. डिपॉझिट परत घेताना कामी येतात.

८. बीकन, प्रोब, फावडं

ही तीन साधनं प्रत्येकाकडं हवीत. दोघींत एक सेट काही उपयोगाचा नाही, कारण बर्फाखाली कोण जाईल ते आधी ठरत नाही.

बीकन हे छातीवर, जॅकेटच्या आत बांधायचं यंत्र. ते सतत ४५७ किलोहर्ट्झवर संदेश सोडतं. कुणी गाडलं गेलं की बाकीच्यांनी आपलं बीकन शोधण्याच्या मोडवर टाकायचं, आणि ते बाण आणि आकडा दाखवत त्या माणसाकडं नेतं. मोबाइलमुळं त्यात गोंधळ होतो. म्हणून एरवी दोन्हींत निदान वीस सेंटिमीटर आणि शोधताना निदान पन्नास सेंटिमीटर अंतर ठेवा. प्रोब ही जोडून लांब होणारी सळई, निदान २४० सेंटिमीटरची. फावडं धातूचं घ्या. हिमस्खलनाचा बर्फ थांबला की जमून घट्ट होतो, प्लास्टिकचं फावडं त्यावर मोडतं.

साधनं भाड्यानं मिळतात, सराव आपला आपल्यालाच करावा लागतो. गोंडोला बंद होती त्या दोन दिवसांत आम्ही हॉटेलमागच्या मोकळ्या जागेत एकमेकींचं बीकन पिशवीत घालून पुरत होतो आणि घड्याळ लावून शोधत होतो. पहिल्यांदा मला अठरा मिनिटं लागली. मी बराच वेळ काही बोलले नाही. गाडला गेलेला माणूस जगायचा तर त्याला पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर काढावं लागतं, हे गाइडनं आदल्याच दिवशी सांगितलं होतं. अठरा मिनिटांत मी फक्त सापडवलं होतं, खणायचं बाकी होतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत दोघी चार मिनिटांच्या आत आलो. हे करा:

- आकडा कमी होत जाईल तसा वेग कमी करा. शेवटचे तीन मीटर बीकन बर्फालगत धरून, न फिरवता, आधी एका रेषेत आणि मग तिला आडवं सरकवा.
- सगळ्यात कमी आकड्यापाशी प्रोब घाला. लागलं नाही तर तिथून बाहेर गोल गोल, वीत-वीत अंतरानं.
- प्रोबला माणूस लागला की ती काढायची नाही. उताराच्या खालच्या बाजूनं, थोडं लांबून, आडवं खणत आत जायचं. वरून विहिरीसारखं खणलं तर बर्फ परत आत येतो आणि श्वासाची जागा तुडवली जाते.

९. त्या दिवशीची सकाळ

रात्रभर बर्फ पडून पहाटे आकाश मोकळं झालं, की हॉटेलभर लगबग सुरू होते. तुम्ही घाई करू नका. आधी त्या दिवसाचा हिमस्खलनाचा इशारा वाचा. धोक्याची पातळी एक ते पाच अशी सांगतात. तीनला ‘मध्यम’ समजून निघणारे फार. अपघातांचा मोठा वाटा तिथंच असतो, कारण चार-पाचला लोक मुळात बाहेर पडत नाहीत. हिमस्खलनं बहुतेक ३० ते ४५ अंशांच्या उतारांवर होतात, आणि दुर्दैवानं स्कीला सगळ्यात देखणे दिसणारे उतार तेच. तीन असेल तर गाइडला सौम्य उतार आणि झाडांचा भाग मागा.

गोंडोलाचा पहिला टप्पा गुलमर्गहून (सुमारे २,६५० मीटर) कोंगडोरीला आणि दुसरा अफरवटवर सुमारे ३,९५० मीटरपर्यंत नेतो. कळसूबाई १,६४६ मीटर आहे, म्हणजे तिच्या दुपटीहून जास्त उंची, आणि तीही बसल्या बसल्या. वर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साठ-पासष्ट टक्केच असतो. डोकं ठणकलं, मळमळलं, पाय टाकताना तोल जायला लागला तर थांबून बरं व्हायची वाट बघू नका, खाली या. पहिले दोन-तीन दिवस गुलमर्गातच काढून मग वर जा. जवळच्या टपरीतला कहवा अंग गरम करतो, पण नुसतं पाणीही आठवणीनं प्या.

लिफ्टमधून उतरलात की सगळ्यात आधी बीकनची तपासणी. एकीनं पुढं उभं राहून आपलं बीकन शोधण्याच्या मोडवर टाकायचं, बाकीच्यांनी एकेक करून समोरून जायचं, प्रत्येकाचा आवाज आला पाहिजे. मग जागा बदलायच्या. शेवटी सगळ्यांची बीकनं परत संदेशाच्या मोडवर आली का ते तोंडानं बोलून खात्री करा. हे विसरलं जातं.

१०. पहिलं वळण

सौम्य, रुंद, मोकळा उतार निवडा आणि पहिली धाव न वळता सरळ खाली घ्या. बर्फ स्वतःच वेग आवरतो, ते अंगाला कळू द्या. नवख्याची चूक वेग वाढला म्हणून होत नाही, वेग कमी पडला म्हणून होते. वेग नसेल तर स्की तरत नाही आणि वळतही नाही. कृष्णेत पोहताना हातपाय थांबले की पाय खाली जायला लागतात ना, अगदी तसं.

पाय एरवीपेक्षा जवळ आणि दोन्हींवर सारखं वजन. दाबलेल्या उतारावर आपण बाहेरच्या पायावर भार देतो. इथं दिला तर ती एक स्की खोल जाते आणि तुम्ही तोंडावर. दोन्ही पाय मिळून एकच फळी आहे असं समजा. नडगी बुटाच्या पुढच्या भागाला टेकलेली, हात समोर, दोन्ही मुठी नजरेत.

‘पावडरमध्ये मागं झुकायचं’ असं कुणीतरी नक्की सांगेल. जुन्या अरुंद स्कीच्या काळातला तो सल्ला आहे. मागं झुकलं की मांड्या दहा वळणांत पेटतात आणि स्की ऐकत नाही. मध्यावर राहा, घोट्यातून वाका.

वळणाला ताल लागतो. दाबा, वर या, वर येताना पायांनी दिशा द्या, पुन्हा दाबा. मला हे शब्दांनी जमेना. मैत्रीण मागून मोठ्यानं ‘खाली… वर… खाली… वर’ म्हणत राहिली आणि चौथ्या धावेला अचानक पायाखालचा आवाज बंद झाला. स्कीचा खरखराट नाही, बुटांचा खडखडाट नाही. बर्फ छातीवर उडतोय आणि आपण एका मऊ, बिनआवाजाच्या गोष्टीवर तरतोय. मी खाली थांबले तेव्हा गॉगलच्या आत डोळे ओले होते. ती आली, माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली, “अगं, झालं की गं!”

उतारावर एका वेळी एकच माणूस. बाकीचे उताराच्या कडेला, सुरक्षित जागी उभे राहून त्याच्याकडं बघत. खाली पोहोचलेलीनं उताराच्या थेट पायथ्याशी थांबायचं नाही, बाजूला सरकायचं.

११. पडल्यावर, आणि हरवलेली स्की

पावडरमध्ये पडलं की लागत नाही, उठणं मात्र अवघड. हात टेकला की खांद्यापर्यंत आत जातो. दोन्ही काठ्या फुलीसारख्या आडव्या बर्फावर ठेवा, फुलीच्या मध्यावर हात टेका. त्याआधी स्की उताराला आडव्या आणि शरीराच्या खालच्या बाजूला आणा.

स्की सुटून बर्फाखाली गेली तर बहुतेक जण ती खाली शोधतात. मीही चाळीस मिनिटं खालीच शोधत होते. स्की सुटते त्या जागीच राहते, पुढं फेकले जातो ते आपण. म्हणजे ती तुमच्या वर, तुमच्याच खुणेच्या आसपास असते. पडल्या जागी काठी रोवून खूण करा, वर जा, आणि दुसऱ्या स्कीची शेपटी बर्फात उभी घालून उताराला आडव्या रेघा ओढत या, पेरणीला तास ओढतात तशा. एखाद्या रेघेला टक्कन लागतं.

१२. झाडांतून जाताना

बाबा रेशीच्या दर्ग्याकडं आणि पुढं टंगमर्गकडं उतरणाऱ्या देवदार-फरच्या रानातली पावडर सगळ्यात जास्त टिकते, कारण तिथं वारा आणि ऊन पोहोचत नाही. पण तिथला धोका वेगळा आहे आणि आपल्याकडं तो कुणालाच माहीत नसतो. मोठ्या झाडाच्या खालच्या फांद्या छत्रीसारख्या बर्फ अडवतात, त्यामुळं बुंध्याभोवती पोकळ, सैल बर्फाची विहीर तयार होते. वरून काही दिसत नाही. त्यात माणूस डोकं खाली, पाय वर असा पडला तर स्वतःहून बाहेर येणं जवळजवळ अशक्य. धडपड केली की बर्फ आणखी आत येतो.

दुपारी तीनच्या सुमाराला हेच घडता घडता वाचलं. गाइड पुढं, मग मी, मागं ती. मी सहा-सात वळणं सलग घेतली, ताल लागला होता, थांबावंसं वाटेना. थांबले, मागं वळले, तर कुणीच नाही. हाक मारली. बर्फ आवाज गिळून टाकतो, आपलीच हाक आपल्याला मऊ ऐकू येते. मग शिट्टी ऐकू आली, तीनदा, बारीक. स्की काढून त्या उतारानं वर जायला मला दहा मिनिटं लागली. अंतर असेल जेमतेम साठ पावलांचं. ती कमरेपर्यंत एका फरच्या बुंध्याशी रुतली होती, पाय खाली होते म्हणून ठीक. एका हातानं फांदी घट्ट धरलेली आणि दातांत शिट्टी. “तू थांबली नाहीस,” एवढंच म्हणाली. आमचा पहिला नियम मी मोडला होता, तोही त्या दिवसातल्या सगळ्यात सुंदर वळणांसाठी.

तेव्हापासून आम्ही झाडांत तीन वळणांपुढं जात नाही. तीन वळणं, थांबा, मागं बघा, नाव घेऊन हाक, उत्तर आल्यावरच पुढची तीन. तुम्हीही असंच करा, आणि त्याबरोबर हे :

- शिट्टी गळ्यात, जॅकेटच्या बाहेर. खिशातली शिट्टी काढता येत नाही.
- काठ्यांचे पट्टे मनगटातून काढून ठेवा, म्हणजे हात मोकळे राहतात.
- झाडांकडं बघू नका, झाडांमधल्या वाटेकडं बघा. नजर जिकडं जाते तिकडं स्की जाते.
- बुंध्याकडं घसरत गेलात तर फांदी किंवा खोड धरा आणि डोकं वर राहील असं बघा. उलटं पडलातच तर धडपड थांबवून आधी तोंडासमोर हातानं श्वासापुरती जागा करा.

१३. संध्याकाळ आणि परतीचा दिवस

गोंडोलाची शेवटची फेरी किती वाजता आहे ते सकाळीच विचारून ठेवा आणि ‘अजून एक’ म्हणायची वेळ तिच्या दोन तास आधीच संपवा. थकलेल्या पायांची शेवटची धाव ही सगळ्यात जास्त दुखापतीची धाव असते. रानातून टंगमर्गच्या बाजूला उतरणार असाल तर वर परत आणायला गाडी आधीच ठरवा.

खोलीवर आलात की बुटांचे आतले अस्तर काढून बुखारीजवळ सुकवा, पण तिला टेकवून नाही, अस्तराचा आकार बिघडतो. बीकनची बॅटरी किती टक्के उरली ते बघून लिहून ठेवा. गाइडचे पैसे ठरल्याप्रमाणे त्याच दिवशी द्या. आम्ही त्याच्या घरी न्यायला साताऱ्याचे कंदी पेढेही दिले. थंडीमुळं ते आठवड्यानंतरही ताजे होते.

आणि विमान असेल त्याच्या आदल्या दिवशी श्रीनगरला उतरून मुक्काम करा. बर्फ पडला की घाट बंद होतो, आणि श्रीनगर विमानतळावर टर्मिनलच्या आधीपासून सामानाची तपासणी असते, त्यात तास-दीड तास सहज जातो. पॉवर बँक आणि सुट्या बॅटऱ्या हातातल्या बॅगेत ठेवा. भाड्याचं सामान आदल्या संध्याकाळी, दुकान उघडं असतानाच परत करा. सकाळी निघायच्या गडबडीत मैत्रिणीच्या जॅकेटमध्ये भाड्याचं बीकन तसंच बांधलेलं राहिलं होतं, चालू. घाट उतरताना ते माझ्या लक्षात आलं आणि गाडी टंगमर्गवरून परत वर न्यावी लागली.